तेहतीसच्या जागी पाच

३ ऑक्टोबर २०००

अकरा शब्द! मॉन्ट्रियलच्या विद्यापीठातून आलेल्या मुलीने — कॅरीन तिचं नाव — शब्दांची लांबलचक यादी हातात दिली. एमिल बोलतो त्यावर खूण करा म्हणाली. मी नुसती पानं उलटत राहिले. ‘गाय’वर खूण. ‘दूध’वर खूण. ‘नाही’वर तर दोनदा केली असती. अडीच वर्षांचं पोर! शेजारची त्याच्याच वयाची पोरगी गप्प बसावी म्हणून तिला बिस्कीट द्यावं लागतं.

मग कॅरीनने जमिनीवर खेळणी मांडली. एमिलने ट्रॅक्टरचं एक चाक फिरवलं. फिरवतच राहिला. ती घड्याळ बघून लिहीत होती. काय लिहिलंस, विचारलं तर गोड हसली. ‘एकट्यादुकट्या मुलावरून काही ठरत नाही हो. आम्ही सगळी बर्फाची मुलं एकत्र बघतो.’

बर्फाची मुलं! ९८च्या जानेवारीत गोठणारा पाऊस पडला, विजेचे खांब काड्यांसारखे मोडले, तेव्हा जी आमच्या पोटात होती ती.

५ ऑक्टोबर

लिहूनच टाकते. इथे तरी.

त्या वर्षी जूनमध्ये पोस्टाने प्रश्नावली आली. एमिल तेव्हा दोन महिन्यांचा. ‘किती दिवस वीज नव्हती?’ मी लिहिलं, पाच. होते तेहतीस!

सासूबाई समोर बटाटे सोलत बसल्या होत्या. ‘तेहतीस लिहितेस? त्यांना वाटेल, या गावच्या बायका रडूबाई. माझी अकरा बाळंतपणं झाली, मला नाही कुणी कागद पाठवला!’ आमच्याकडे हे असंच. छप्पर उडालं तरी विचारणाऱ्याला सांगायचं, बरं चाललंय. मग पुढचंही तसंच लिहिलं. जिवाला धोका वाटला? नाही. बाळाची काळजी वाटली? नाही. पाकीट सासूबाईंनी स्वतः चिकटवलं.

८ ऑक्टोबर

खरं झालं ते हे.

पाच गोठ्यांत मिळून एक जनरेटर. पाळ्या लावलेल्या — एका गोठ्यातल्या धारा यंत्राने काढून झाल्या की पुढच्या गोठ्यावर. दूध तुंबलं की कास सुजते, गाय हातची जाते. नऊ जानेवारीला नॉर्मांने जनरेटर ट्रॅक्टरला जोडला आणि ग्रेनियेच्या गोठ्याकडे निघाला. मी दारात उभी राहून ओरडले, ‘मला सहावा महिना आहे! नवरा आहेस की गुराखी?’ तो म्हणाला, ‘ग्रेनियेची पाळी आहे.’ बस्स. गेला. त्याच्यामागे खांब पडले, रस्ता बंद झाला. फोनही मेला. दोन दिवस आला नाही.

सासूबाई शाळेतल्या छावणीत. घरात मी एकटी. हीटरसकट सगळं विजेवर चालणारं. लाकडं जाळायची शेगडी मीच आदल्या उन्हाळ्यात काढायला लावली होती — भिंती काळ्या होतात म्हणून! होते नव्हते ते कोट अंगावर घेऊन पडून राहिले. बाहेर मेपलच्या फांद्या फाडफाड मोडत होत्या. दुसऱ्या दिवशी पोट हललंच नाही. दिवसभर नाही. मी पोटावर थापट्या मारल्या. ऊठ रे, ऊठ. मग शिव्या दिल्या. पोटातल्या पोराला शिव्या दिल्या मी!

नॉर्मां आला तेव्हा एवढंच म्हणू शकले, ‘हलत नाहीये.’ त्याने आपले मोजे काढून माझ्या पायांत घातले. संध्याकाळी पोट हललं. त्या दोन दिवसांचा विषय पुन्हा कुणीच काढला नाही.

११ ऑक्टोबर

एमिलने चमचा भिंतीवर आपटला. बावन्न वेळा. मी मोजले!

सासूबाई म्हणाल्या, ‘आई अशी टक लावून बसल्यावर पोर काय बोलणार?’ मी भांडी घासायला उठले. हुंदका आवरला नाही. नळ मोठा सोडला.

१२ ऑक्टोबर

जेवताना म्हटलं, ‘एमिल बोलत नाही.’

‘बोलेल.’

‘आणि नाही बोलला तर?’

नॉर्मांने पावाने ताटली पुसली. ‘मका कापायचा राहिलाय.’

याला दगड म्हटलं तर दगडाला राग येईल.

१६ ऑक्टोबर

कॅरीनच्या कागदावर एमिल म्हणजे फारसा त्रास न झालेल्या बाईचा मुलगा. उद्या अशाच कागदांच्या भरवशावर कुणा पोटुशीला सांगतील, राहा गं एकटी, काही होत नसतं. आणि तेहतीस सांगितले, तर माझ्यामुळेच पोर असं झालं हे मीच लिहून दिल्यासारखं. दोन्हीकडून मेलेच.

मला फक्त एवढंच हवंय की कुणीतरी म्हणावं, तुझ्यामुळे नाही. पण कॅरीनही तसं म्हणाली नाही.

१९ ऑक्टोबर

फोन उचलला. ठेवला.

२० ऑक्टोबर

केला. एका दमात सांगितलं — पाच खोटं आहे, तेहतीस होते, मी एकटी होते. कॅरीनने फाईल काढली. मग म्हणाली, ‘मॅडम, तुमच्या पाचाखाली इथे एक टिपण आहे. जुलै ९८. तुमच्या मिस्टरांचा फोन आला होता.’

वाच, म्हटलं.

‘“बायको सांगणार नाही. तेहतीस दिवस. त्यातले दोन ती एकटी होती आणि बाळ हलत नव्हतं. जनरेटर मी नेला. पोराला पुढे काही झालं, तर माझ्या नावावर लिहा.”’