पडद्यामागची नानी

२ मे २००९, लातूर
"सौदामिनीला सोताचं लेकरू बी वळखू येईना." भूकंपाच्या वर्षी सगळी गल्ली मैदानात झोपायची, तेव्हा देविकाबाई सगळ्यांसमोर हे म्हणाल्या होत्या. पहाटे पुन्हा हादरा बसला आणि मी घाईत माझ्या मृण्मयीऐवजी त्यांचा राघवेंद्र उचलून पळाले, एवढंच. दोघंही सात-आठ वर्षांची, डोक्यावरून पांघरूण घेतलेली, आणि गोधड्या सारख्या होत्या. आता तोच राघवेंद्र माझा जावई. मी ते केव्हाच विसरले आहे.

७ मे
माझ्या नांदेडच्या शाळेला सुट्टी, म्हणून लेकीकडे आले आहे. लेक-जावई दिवसभर क्लासेसवर शिकवायला. क्रॅश कोर्स. दहा महिन्यांच्या नातवाला, मिहिरला, आम्ही दोघी विहिणी सांभाळतो. पेपरच्या पुरवणीत वाचलं: पडद्याआडून आधी खेळण्यातलं बदक, मग चेंडू दाखवला, तर एवढ्या बाळाला दोन्ही मिळून एकच वस्तू वाटते. पडदा काढल्यावर एकटं बदक निघालं तरी त्याला नवल वाटत नाही. आमचा मिहिर हुशार आहे. बदक देविकाबाई, चेंडू मी. एकट्या देविकाबाई दिसल्या की तो मला शोधत रडेल. कुणाला कोण ओळखू येतं, ते गल्ली बघेलच.

८ मे
प्रयोग केला. पडद्याआडून आधी त्या डोकावल्या, मग मी. मग मी मोरीत लपले. पडदा सरकला. मिहिर देविकाबाईंकडे बघून खुदकन हसला. त्या ओरडल्या, "या भायेर, विहीणबाई. लेकराला एकच पुरती."
उजेड कमी होता.

११ मे
चूक सापडली. पुरवणीतच खाली आहे: दोन वस्तूंना दोन नावं सांगितली, तर बाळाला त्या लवकर वेगळ्या कळतात. इथं दोघीही 'आजी'! आजपासून मी नानी. दर वेळी छातीवर हात ठेवून: नानी. देविकाबाई म्हणाल्या, "शाळेला सुट्टी हाय न् हजेरी चालूच?" जळतात.

२४ मे
'नानी' म्हणाला! अर्धापूरच्या केळ्याला. पण केळं माझ्या हातात होतं. निकाल समाधानकारक.

२ जून
पुन्हा पडदा. एकट्या देविकाबाई दिसल्या. मिहिरनं आत बोट दाखवलं, "नानी!" मी डोळे पुसत बाहेर धावले. त्यानं माझे दोन्ही हात पाहिले. रिकामे. मग भोकाड.
देविकाबाई हसल्या नाहीत. ते जास्त लागलं.

६ जून
उद्या नांदेड. शाळा. दिवाळीशिवाय येणं नाही. देविकाबाईंना निघताना एक सांगणार आहे. त्या नाहीच म्हणतील; त्यांच्या जागी मी नाहीच म्हटलं असतं. तरी सांगणार: रोज केळं सोलताना त्याला एकदा म्हणा, "नानी नांदेडला हाय."