नळीचं दुसरं टोक

६ जानेवारी

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नका. माझ्यावर रागवायला इथे माणसं भरपूर आहेत. आमचे सर्जन तर परवापासून माझ्याशी बोलत नाहीत. कारण सांगते.

हॉस्पिटलच्या तळघरात माझं राज्य, हे तुम्हाला माहीत आहेच. वरच्या थिएटरमध्ये वापरलेलं प्रत्येक हत्यार खाली येतं, धुतलं जातं आणि ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या त्या भल्यामोठ्या कपाटात, निर्जंतुक होऊन परत वर जातं. कात्र्या-चिमट्यांची काळजी नाही. डोकं उठवलंय ते दुर्बिणीच्या ऑपरेशनला लागणाऱ्या लांब, बारीक नळ्यांनी. दर खेपेला मी तशीच एक नळी चाचणीसाठी ठेवते आणि तिच्या बंद टोकात कागदाची पिवळी पट्टी. वाफ टोकापर्यंत पोचली की पट्टी काळी होते. हल्ली ती अधूनमधून पिवळीच राहते. मग मी नळ्या अडवते आणि वरचं ऑपरेशन पुढे ढकलावं लागतं. मशीनवाले येऊन गेले, मशीन ठणठणीत आहे म्हणाले. मग वाफ अडते कुठे?

तुम्ही जन्मभर विमानात नळ्याच टाकल्यात. जरा डोकं चालवा. आणि पोटात दुखतं ते डॉक्टरांना दाखवलंत का? विषय बदलू नका.

तुमच्या आशीर्वादावर हक्क सांगणारी,
चिमटी

१४ जानेवारी

चि. चिमटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मी विषय बदलणार आहे.

तू नळ्या गुंडाळून जाळीच्या टोपलीत ठेवतेस ना? तू लिहिलं नाहीस, पण दुसरं काय करणार! गुंडाळलेल्या नळीला खालवर झोळ पडतात. धुतल्यावर राहिलेलं थेंबभर पाणी झोळात बसतं आणि वाफेची वाट अडवतं. दोष मशीनचा नाही, बाई, झोळाचा.

विमानात हेच होतं. बाहेरच्या हवेचा दाब बारीक नळीतून आत येतो आणि त्यावरून पायलटला वेग कळतो. नळीला कुठे झोळ राहिला तर पाणी साचतं, उंचावर गोठतं आणि काटा चक्क खोटं बोलायला लागतो. ढगात शिरल्यावर पायलटला बाहेरचं काही म्हणजे काही दिसत नाही गं. तो त्या काट्यावर जीव सोपवतो आणि मागची माणसं तोंडं उघडी टाकून झोपलेली असतात. मला अजून याचं नवल वाटतं. नोकरीभर मी एवढंच केलं, पाण्याला उतार दिला.

सोबतच्या पार्सलात स्टँड आहे, गॅरेजमध्ये स्टीलच्या तारेचा केलाय. खाली रुंद, वर निमुळता. नळी त्याच्याभोवती घाटातल्या रस्त्यासारखी उतरत येते, कुठे म्हणून चढ नाही. पट्टीचं टोक वर बांध, उघडं टोक खाली सोड.

पोट जागेवर आहे.

लोभ वाढव, चौकशा कमी कर.
तुझा,
मामा

२ फेब्रुवारी

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

काळी! मामा, कोळशासारखी काळी! पहिल्याच खेपेला! योगायोग असेल म्हणून रोज लावली, रोज काळी. सर्जन स्वतः खाली उतरले, तारेचं ते भेंडोळं हातात घेऊन फिरवून फिरवून बघत बसले आणि हे कुणाच्या डोक्यातून निघालं असं विचारलं. मी ऐटीत सांगितलं, माझ्या मामाच्या.

खरं सांगू? अंगावर काटा आला. जंतू दिसत नाहीत, खरी वाफही दिसत नाही. न दिसणाऱ्याने न दिसणाऱ्याला मारायचं आणि ते मेलं हे मी नखाएवढ्या कागदावरून मानायचं. त्या भरवशावर वर कुणाचं तरी पोट उघडतात. इतकी वर्षं हे काम करतेय, पण परवा पट्टी हातात धरून मी नुसती उभीच राहिले.

आता तुमच्याकडे वळते. आईने मला सगळं सांगितलंय. पित्ताशयात खडे आहेत, ऑपरेशन लवकर करा, थांबलात तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलंय आणि तुम्ही बहिणीलाच गप्प राहायची शपथ घातलीत. मामीचं मला आठवतं. तिचं ऑपरेशन छान झालं आणि आठवड्याने जंतुसंसर्गाने ती गेली. तेव्हापासून तुम्ही हॉस्पिटलची पायरी चढला नाहीत. मला भेटायला आलात तेही फाटकातूनच परत गेलात. पण मामा, मी या तळघरात का आले असं तुम्हाला वाटतं? इथे या. तुमची हत्यारं मी स्वतः लावते.

उत्तराची वाट बघणारी, हट्टी,
चिमटी

११ फेब्रुवारी

चि. चिमटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

चार दिवस तुझ्यावर चिडून होतो. मग पोटात अशी कळ आली की चिडायलाही ताकद उरली नाही.

मला भीती वाटते. घे, लिहून टाकलं. वादळी हवेत चाचणीच्या विमानात बसताना मला कधी काही वाटलं नाही, पण हॉस्पिटलच्या फिनेलचा वास आला की पाय आपोआप फाटकाकडे वळतात. तुझ्या मामीला मीच समजावून आत पाठवलं होतं, काही होत नाही म्हणून.

येतो. एकदाच येईन, परत परत जमणार नाही, हे तुझ्या सर्जनना सांगून ठेव. येताना नवा स्टँड आणतोय. पहिला घाईत केलेला, ओबडधोबड. हा घासूनपुसून आरशासारखा केलाय आणि नळी घसरू नये म्हणून तळाला देखणा काठ दिलाय. माझं ऑपरेशन याच्यावरच्या नळ्यांनीच व्हायला हवं.

तुझा भित्रा,
मामा

४ मार्च, तिसरा मजला, खाट खिडकीजवळची

चि. चिमटीस,
आशीर्वाद.

फोन करणार नाही. फोनवर आवाज चढेल, म्हणून सिस्टरबरोबर चिठ्ठी पाठवतोय.

सकाळपासून उपाशी. तो हिरवा झगा घातला, तुझ्या मामीचं नाव घेतलं, टेबलावर आडवा झालो. वरचा दिवा लागला. आणि सर्जन येऊन सांगतात की आज नाही, खालच्या बाई हत्यारं सोडत नाहीत. मला ढकलत परत आणलं. अगं, मी कसा आलो होतो ते तुला ठाऊक आहे! पिशवी भरून ठेवली आहे. संध्याकाळची गाडी आहे.

मामा

४ मार्च, तळघर

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

पिशवी खाली ठेवा आणि आधी वाचा.

पट्टी पिवळी आली. ट्रेवर तुमचं नाव होतं. माझा हात फोनकडे गेला आणि तिथेच थांबला. आज परत पाठवलं तर मामा पुन्हा येणार नाहीत, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? मशीन तेच, वाफ तीच, रोज काळी येते, आज कागदच खराब असेल, असं मनात येऊन गेलं. मला रडू फुटलं. तरी वर थिएटरमध्ये फोन केला.

मग जुना आणि नवा स्टँड शेजारी ठेवून पुन्हा खेप लावली. जुन्यावर काळी, नव्यावर पिवळी. तुमचा तो देखणा काठ, मामा! शेवटचं वेटोळं त्याच्या आत बसलं, टोकाला काठावर चढावं लागलं आणि तिथेच पाणी थांबलं. झोळ तुम्हीच घालून आणलात. तो काठ बघून मलाही कळलं नाही, उलट किती छान म्हणून मी तो सगळ्यांना दाखवला.

उद्या सकाळी जुन्या, ओबडधोबड स्टँडवर लावते. थांबा. पाया पडते तुमच्या.

चिमटी

६ मार्च, तीच खाट

चि. चिमटीस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

पडल्यापडल्या लिहितोय, अक्षर लावून घे. खडे निघाले, सर्जननी बाटलीत घालून दाखवले. ताप नाही. सकाळी सिस्टरने पेज दिली, बेचव होती, सगळी प्यायलो.

परवा तुझी चिठ्ठी वाचली आणि काठावरून माझं मलाच हसू आलं. जन्मभर दुसऱ्यांचे झोळ काढले आणि स्वतःच्या जिवाची वेळ आली तेव्हा शोभेपायी झोळ घातला. मग हसू थांबलं. आम्ही विमान धावपट्टीवरून परत आणणाऱ्या पायलटला सगळ्यात मोठा मानायचो. मागची माणसं बोटं मोडतात, वरून दबाव असतो, काटा एवढासा हललेला असतो, आणि तो परत फिरतो. माझी एवढीशी भाची, नाव मामाचं, समोर नखाएवढा कागद, आणि ती परत फिरली. मी पिशवी रिकामी केली. काल टेबलावर झोपताना भीती शोधून पाहिली, सापडली नाही.

सिस्टर माझ्या ऑपरेशनची काळी पट्टी दाखवून गेली. ती तुमच्या फायलीत राहू दे. मला परवाची पिवळी दे. घरी तुझ्या मामीच्या फोटोपाशी ठेवणार आहे. तिला सांगायचंय, आता कुणीतरी थांबतं.

तुझ्या लोभावर जगलेला,
मामा