मेरूतले चौतीस

मंगळवार, मार्गशीर्ष वद्य पंचमी.

शाळा तपासायला आलेल्या डिप्टीसाहेबांनी आज हसन मास्तरांची पाठ थोपटली. मास्तरांनी फळ्यावर मेरू मांडला होता. वरच्या दोन आकड्यांची बेरीज खाली, असा आकड्यांचा डोंगर. पण उतरवला कुठून? माझ्या वहीतून! बारा वर्षं मी तोच शिकवतोय, मला कुणी विचारलं?

तेवढ्यात दिसलं. पंधरा नि वीस यांच्या खाली चौतीस! तिथून खाली सगळा घोळ. साहेबांसमोर मी ओरडलोच. हसन मास्तर माझ्याकडं बघून हसले, "व्हय की, चुकलंच माझं."

वाटेभर हरखून आलो. घरी वही उघडली. माझ्याच अक्षरात, चौतीस.

म्हणजे चूक माझी, हे ठाऊक होतं त्यांना? आणि तरी माझं नाव घेतलं नाही. इथंही लेकाचा वरचढ!