सांकेतिक लिपीतील वही, एक

करिष्मा,

आईच्या वहीसाठी कोर्टात अर्ज द्यायला जातो आहे. संध्याकाळच्या बसने परत येईन.

गावात घरोघर झालेल्या झडतीत पोलिसांनी ती नेली, कारण आईची तेलुगू अक्षरं त्यांना वाचता आली नाहीत. पंचनाम्यात "सांकेतिक लिपीतील वही, एक" असं लिहिलं आणि खाली मी न वाचता सही केली. हे तुला सांगायचं राहिलं होतं.

काल ठाण्यात मुद्देमाल सांभाळणारा हवालदार म्हणाला, "लग्नाचीच गाणी हायेत ना भाऊ? मंग वाचून दाखव अन् घेऊन जा." मी परत आलो. आई गेल्यावर आपल्या घरात ती लिपी वाचणारं कोणी उरलं नाही. वकीलसाहेब म्हणतात, आता वही तपासणीला बाहेर पाठवतील, तुझ्या हळदीपर्यंत यायची नाही.

वरण झाकून ठेवलं आहे. बाबांना आशा लावू नकोस. दुपारी बसून आईची आठवतील तेवढी गाणी मराठी अक्षरांत लिहून ठेव. मी काल लिहायला बसलो होतो. चाल येते, शब्द येत नाहीत.

अजय