फोन ॲडमिट झाला त्याची हकिगत

तीर्थरूप अक्का,

साष्टांग नमस्कार (गुडघे ऐकत नाहीत, म्हणून खुर्चीत बसूनच मान वाकवते आहे; गोड मानून घे). तुझा खांदा आता कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तू रोज करतेस, असं तू सगळ्यांना सांगत असतेस म्हणे. म्हणजे करत नाहीस. भावजींची कवळी सापडली का? इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. यांचा रक्तदाब गोळीने खाली येतो आणि बातम्यांनी वर जातो, तेवढं सोडलं तर काळजीचं कारण नाही.

गेल्या आठवड्यात आमच्याकडे जे रामायण झालं ते तुझ्या भाच्याने तुला कळवलं असणारच. तो वकील झाला नाही हे वकिलांचं नशीब, पण बाजू मांडतो एकच, स्वतःची. म्हणून माझी मी लिहिते. (लिहिते म्हणजे बोलते. फोन उतरवून घेतो, हे कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणतात आणि पाकिटात घालतात.)

अकरा वर्षांपूर्वी डोळे गेले तेव्हा तू मला त्या अंध मास्तरांच्या वर्गात बळेच पाठवलंस, त्याचे उपकार मी विसरणार नाही. स्क्रीनवर बोट फिरवलं की बोटाखाली असेल ते फोन वाचून दाखवतो, हे मी तिथे शिकले. आता तो इतका भरभर बोलतो की यांना वाटतं बरणीत भुंगा अडकलाय. मला मात्र शब्द न् शब्द कळतो. मास्तरांनी खरेदीची शिस्तही लावली. आलेल्या मेसेजमधल्या लिंकवर बोट टेकवायचं नाही, दुकानाचं ॲप आपलं आपण उघडायचं. पासवर्ड टाकताना कानात इअरफोन हवाच, कारण फोन भोळा. तो चारचौघांतही मोठ्याने बोलतो. (दंतवैद्याच्या बाकावर माझा पासवर्ड असाच सगळ्यांनी ऐकला. एका गृहस्थांनी, तोंडात कापूस असतानाही, तो बदला म्हणून खुणावलं, असं हे म्हणाले. घरी येऊन आधी बदलला, मग चूळ भरली.) आणि सगळ्यात महत्त्वाचा तो पडदा. ठरावीक टकटक केली की स्क्रीन काळीकुट्ट होते, पण फोन आत चालू असतो. शेजारी बसून कुणी कितीही मान लांब केली तरी हाती काही लागत नाही.

तर मी एक वस्तू मागवली. स्वतः. (काय ते विचारू नकोस.) फोटोखाली कुणी काही लिहिलेलं नसलं की फोन नुसतं ‘चित्र’ म्हणून गप्प बसतो. अशी वीसेक चित्रं ओलांडून, नाव नसलेल्या बटणांना चुकवत, दुपारच्या चहापासून दिवेलागणीपर्यंत बसून मी ती खरेदी तडीस नेली. दहावीचा निकाल लागल्यावरसुद्धा मला इतका आनंद झाला नव्हता.

तिसऱ्या दिवशी एकाचा फोन. आवाज अगदी मधाळ. मावशी, तुमचं पार्सल अडकलंय, मी सांगतो ते ॲप घ्या, म्हणजे मला तुमची स्क्रीन दिसेल आणि मी इथूनच सोडवतो. मी म्हटलं, “बाळा, माझी स्क्रीन मी स्वतःच अकरा वर्षांत पाहिलेली नाही. तुला कुठून दाखवू?” त्याला वाटलं माझा चष्मा हरवला. आधी चष्मा शोधा म्हणाला, मग हिरवं बटण शोधा म्हणाला. मी विचारलं, हिरवं म्हणजे वरून कितवं? तो मोजायला लागला. शेवटी दमून त्याने विचारलं, घरात डोळे असलेलं कुणी आहे का? मी म्हटलं, आहे, पण त्यांच्या हातात मी फोन देत नाही. मग पार्सलमध्ये काय आहे ते तूच सांग म्हटल्यावर त्याने फोन ठेवला. मी ॲप उघडून पाहिलं, पार्सल कुठेही न अडकता सुखाने वाटेवर होतं.

त्या दिवसापासून मी पडदा कायमचा पाडून ठेवला. यांना सांगायचं राहिलं. तीच माझी चूक.

दुपारी मी आडवी झाले असताना यांना टेबलावर काळा ठिक्कर पडलेला फोन दिसला. दाबून पाहिला, हलवून पाहिला, पुसून पाहिला. मी उठायच्या आत दुरुस्त करून ठेवावा, मला धक्का बसू नये, म्हणून हा भला माणूस उन्हातून मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेला. दुकानदाराने पिन विचारला. पिन आमच्या लग्नाची तारीख. अक्का, सदतीस वर्षांत ही तारीख यांना एकदाही वेळेवर आठवली नव्हती. त्या दिवशी आठवली. नुसती सांगितली नाही, चिठ्ठीवर लिहून फोनच्या पाठीला चिकटवलीसुद्धा. आणि घरी येऊन मला म्हणतात, घाबरू नकोस, फोन ॲडमिट केलाय.

मी काठी घेतली आणि निघाले. दुकानदाराने एक नवी स्क्रीन बसवून पाहिली होती, दुसरीही बसवून पाहिली होती. उजेड नाही तो नाहीच, आणि हात लावला की आत काहीतरी बडबडतंय. बिचारा घामाघूम झाला होता, असं मागोमाग आलेले हे म्हणाले. मी फोन हातात घेतला, टकटक केली, आणि उजेड पडला असावा, कारण दुकान एकदम चिडीचूप झालं. त्याने मुकाट्याने माझी जुनी स्क्रीन परत बसवली, मागची चिठ्ठी सोलून माझ्या हातात ठेवली आणि मुठीवर हात ठेवून म्हणाला, “मावशी, ही कुणालाही देऊ नका.” मी म्हटलं, मी नाही दिली. माझ्यामागे कुणीतरी खोकलं.

आता निकाल ऐक. अनोळखी माणसाला फोन दिला कुणी, पिन दिला कुणी, आणि शिक्षा मला. चिरंजीव म्हणाले, आई, यापुढे काय हवं ते मला सांग, मी मागवून देईन. रविवारी येऊन तो माझ्या फोनवरून कार्ड आणि दुकान दोन्ही काढणार आहे. तो ओरडला असता तर मलाही ओरडता आलं असतं. पण खांद्यावर हात ठेवून, इतक्या हळू आवाजात बोलला की ओरडायला जागाच उरली नाही. पिन मी त्याच रात्री बदलला. दोन दिवस हे माझ्याशी फार जपून बोलत होते.

असो. भावजींना नमस्कार. खांदा शेक.

तुझी,
धाकटी

ता. क. बोर्डिंगमध्ये सिस्टर आपली पत्रं सहीपर्यंतच वाचायच्या, आणि म्हणून तू खरा मजकूर सहीच्या खाली लिहायला मला शिकवलं होतंस. यांनाही सही आली की पत्र संपलं असं वाटतं. तर आता ऐक. मी आतले कपडे मागवलेत. अकरा वर्षं सूनबाई आणते. पोर गुणाची आहे, पण सगळे बदामी आणि ‘आईंना सैलच बरे’ या मापाचे. आता ती मापं मुलाला सांगू? मला सगळं चालेल अक्का, हे नाही चालणार. रविवारी यायच्या आधी तो तुला फोन करेल, कारण तुझा शब्द त्याच्याच्याने मोडवत नाही. ‘आईचं आईला घेऊ दे’, एवढंच म्हण. कारण सांगू नकोस.

ता. क. दुसरा. घरी आलेलं प्रत्येक खोकं हे उघडतात, म्हणून पार्सल तुझ्या पत्त्यावर येतंय. मला लाल हवा होता. दुकानाने रंगांची नावं न लिहिता नुसतं पर्याय एक, दोन, तीन असं लिहिलेलं. मी देवाचं नाव घेऊन तीन दाबला. उघडून रंग कळव. माझं मन राखायला लाल आहे असं मुळीच सांगू नकोस. परत पाठवायचं बटण मला सापडलंय.