बांगडीची डबी

लातूर, १२ मे

रत्नम्मा,

भर मांडवात तू आमच्या ह्यांच्या हातातल्या अक्षता काढून घेतल्यास. वर म्हणालीस, "ह्या हातानं माझ्या नातीवर नको." ऐंशीचा माणूस, देगलूर ते लातूर बसमध्ये रिकामी मूठ मिटूनच बसले. पत्रिका तुझ्या पोरानं, गुरुलिंगानं पाठवली होती, आम्ही मागितली नव्हती.

आता रीतीचा नमस्कार, शरणार्थ. मी बरी हाय, गुडघे सोडून. नातजावई देखणा हाय. भाजी खारट होती, कुणी सांगितलं नसेल म्हणून सांगते.

सांगायचं दुसरंच हाय.

चाळीस वर्षांमागं आपण चौघं, दोन्ही जोडपी, तेलंगणात कोळशाच्या खाणीवर गेलो. तिथं ह्यांनी ती पत्र्याची डबी डोक्यानं काढली. छत आणि टेकूच्या लाकडामधी ठोकायची, आत काचेची बांगडी. छत बसायला लागलं की आधी बांगडी जायची, खिळा सुटून पत्र्यावर ठण्णकन आदळायचा, माणसं पळायची. दोनदा वाचली. तुझा चंद्रप्पाच सांगत फिरायचा, "वीरण्णाची डबी हाय तर मी बिनघोर."

डब्या घरी मी भरायची. झाकण मीच ठोकायची.

आपण 'बांगडी फुटली' म्हणत न्हाई, 'वाढली' म्हणतो. आणि मी, नवरा जमिनीखाली असताना, फुटायलाच बांगड्या भरत होते, आठवड्याला डझनभर. ह्यांना बोलले तर हसले. "काच हाय ती, तुझं कुंकू न्हाई." बाजारातून प्लास्टिकच्या आणल्या आणि त्या भरल्या. तेही तुटतंच की, असं मनाला सांगितलं.

चौथ्या दिवशी छत आलं. डबी वाजलीच न्हाई. हे वर आले, तुझा न्हाई आला.

लोक म्हणाले, वीरण्णाचं यंत्र खोटं. ह्यांनीही तेच खरं धरलं. परत कधी हातोडी उचलली न्हाई. घरातल्या उरलेल्या डब्या मी त्याच दुपारी नाल्यात टाकल्या, मग तुझ्याकडं आले. तुला पाणी पाजलं. तू माझ्या गळ्यात पडून रडलीस तरी बोलले न्हाई.

यंत्र खरं होतं, रत्नम्मा. माफी कोणत्या तोंडानं मागू? मागत न्हाई.

ह्यांना अजून ठाऊक न्हाई. रोज समोर ताट वाढते, पण तोंड उघडत न्हाई.

उत्तर तूच लिहायचं, गुरुलिंगाच्या हातानं न्हाई. माझ्या नावावर नको, ह्यांच्या नावावर टाक. घरातलं टपाल हेच उघडतात. सगळं लिही, प्लास्टिकचंही.

गौरम्मा