वसुधाला बहीण नव्हती

चंद्रपूर, ट्रेनिंगचं वसतिगृह
मंगळवार, दि. १८ नोव्हेंबर १९९७

चि. रोशनीस,

ताईचा जयभीम आणि अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. तुझा भाजलेला हात आता कसा आहे? खपली धरली का? तुझ्या सासूबाई बायनाबाईंना आणि आमच्या जावयांना, प्रफुलभाऊंना, जयभीम सांग. तुमच्या सावली गावाकडचं धान कापून झालं असेल.

झालं, रीतभात संपली. आता ऐक. मी तुझ्यावर भयंकर चिडले आहे. जेवायची ताटं वाजताहेत आणि मी न जेवता लिहायला बसले आहे, यावरून काय ते समज.

पोलिओच्या ट्रेनिंगसाठी आम्हा सगळ्या नर्सबायांना इथे बोलावलं आहे. वसतिगृहाच्या हॉलमध्ये टीव्ही आहे, रंगीत. आज मंगळवार. मी सात वाजताच तोंड धुऊन, वेणी घालून पहिल्या ओळीत खुर्ची टाकली. दीड वर्ष झालं गं, मंगळवारी साडेसातला टीव्हीपुढे बसून! माझी बदली जिवतीच्या पहाडावर झाली तेव्हा मी बदलीसाठी रडले नव्हते, तिथे वीज नाही म्हणून रडले होते. तूच म्हणालीस, "ताई, रडू नको. मी तुले दर मंगळवारचं सगळं लिहून पाठवीन." तेव्हापासून माझा टीव्ही म्हणजे तुझी पत्रं.

साडेसात वाजले आणि लागलं काय, तर शेतीवरची चर्चा! दोन साहेब आणि मध्ये एक कुंडी. मी ओरडलेच, "अवो, 'देवडीतला दिवा' काऊन नाई लागला? आज वसुधा विहिरीवर जाते का नाई ते दाखवणार होते!"

सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या. त्यात निशात आहे, तुमच्याच मागच्या गल्लीतली, आता सिंदेवाहीकडे नोकरीला असते. ती म्हणाली, "कोनती विहीर वो बाई? थे सीरियल तं जुलैतच खतम झालं. सासूनं किल्ल्या देल्या, वसुधा हासली, खतम."

मी भांडले. म्हटलं, तुम्ही नीट पाहत नसाल. वसुधाचा हात भाजला, तिला दोन दिवस धानाच्या कोठीत कोंडलं, आणि तिची ती मोठी बहीण दूर बसून नुसती पत्रं लिहिते. तर सगळ्या पोट धरून हसायला लागल्या. "वसुधाले बहीण कुठची आली? थे तं एकटी पोरगी होती," निशात म्हणाली. मागून कुणीतरी म्हणालं, "पहाडाच्या हवेनं डोकं फिरलं काय बाईचं?" माझं इतकं हसं जन्मात झालं नव्हतं.

मग निशातनं मला बाजूला नेऊन सांगितलं, "तुमच्या बहिनीच्या घरचा टीव्ही तं होळीपासून बंद हाय. बायनाबाईनं टीव्हीच्या पेटीच्या शटरले कुलूप लावलं, चाबी कमरेले. फकत इतवारी उघडते."

होळीपासून! म्हणजे आठ महिने तू वेड पांघरून पेडगावला गेलीस आणि मला सोबत ओढत नेलंस. कुलूप लागलं होतं तर तसं दोन ओळींत लिहायचं. मी रडले असते, पण माणसासारखी रडले असते. ही बत्तीस पत्रं मनानं रचून पाठवायची काय गरज होती? सख्ख्या बहिणीला कुणी असं उल्लू बनवतं का?

आणि मी एकटी वाचत होते का? हरिदास पोस्टमन चढ चढून आला की पाड्यातली गिरजाबाई सगळ्या बायांना गोळा करून उपकेंद्राच्या ओसरीवर आणते. मी तुझं पत्र आवाज बदलून बदलून वाचते. सासूचा एक आवाज, वसुधाचा एक. सुईच्या नावानं जंगलात पळणाऱ्या बाया वसुधासाठी येतात, आणि त्या निमित्तानं मी त्यांच्या पोरांना लस टोचून घेते. आता त्यांना कोणत्या तोंडानं सांगू?

जाहिरातींचं तर विचारूच नको. मी तुला बजावलं होतं की जाहिराती गाळायच्या नाहीत, मला त्या मालिकेइतक्याच आवडतात. अर्ध्या मिनिटात कपडे स्वच्छ, सासू खूश, नवरा हसरा. एवढ्या वेळात कुणाचं एवढं भलं होतं? तू दर पत्रात त्याच तीन लिहायचीस: चिखलात उडी मारणाऱ्या पोरीची साबणाची, आजोबांच्या कवळीची, आणि पंख्याच्या वाऱ्यानं सगळ्या घराचे केस उडतात ती. मी आज तासभर डोळे फाडून पाहिलं. तिन्हीतली एकही लागली नाही. सगळ्या नव्या आहेत, आणि त्यातली एकही मला ओळखीची नाही.

आणि ते पोस्टकार्ड! तुझ्या गोष्टीपायी मी थेट त्या दिग्दर्शकाला लिहिलं होतं, आठवतं? "महोदय, पुण्याच्या बंगल्यातली सून गंजातल्या (पातेल्यातल्या) भाताची पेज निथळत नाही, तिच्या घरी कुकर असतो. कृपया काळजी घ्यावी." त्या बिचाऱ्यानं ते वाचून कपाळाला हात लावला असेल.

राग उतरत नाही. पत्र अर्धंच ठेवते. पहाडावर जाऊन पुरं करीन, तिथे मला पुष्कळ वेळ आहे.

पहाड
शुक्रवार, दि. २१ नोव्हेंबर

रोशनी,

आज दुपारी पोचले. गिरजाबाई ओसरीवर बसूनच होती, वसुधाचं काय झालं ते ऐकायला. मी पिशवी खाली न ठेवताच सांगून टाकलं, की ते सगळं खोटं होतं, माझ्या बहिणीनं घरी बसून रचलं, टीव्हीत असलं काहीच नव्हतं. मला वाटलं, ही पण हसेल.

ती हसली नाही. म्हणाली, "टीव्हीत नव्हतं, तं मंग तुमच्या बहिनीले कसं मालूम, पेजेनं भाजलेल्या हाताची कातडी बांगडीले चिकटते म्हून?"

मी पिशवी खाली ठेवली.

लसीच्या रिकाम्या खोक्यात तुझी पत्रं असतात. तेव्हापासून तीच काढून वाचते आहे, पहिल्यापासून. आता यात कुठेही बंगला दिसत नाही. सगळीकडे तुमचंच घर दिसतं. मागच्या दाराची मोडकी कडी, अंगणातल्या मोरीजवळचा दगडी पाटा, कोठीत पायावरून जाणारे उंदीर. पुण्याच्या बंगल्यात धानाची कोठी कुठून आली, हे मला खटकलं होतं. पण मी दिग्दर्शकाला शिव्या दिल्या. हुशार ना मी! दहा वर्षं टीव्ही पाहून एवढीच अक्कल आली.

सोळा ऑक्टोबरला आपण चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर भेटलो. तुझ्या हाताला फडकं होतं. तू म्हणालीस, "पेज सांडली." प्रफुल शेजारीच उभा होता. मी नर्स आहे, रोशनी. अनोळखी पोरांच्या खरजेवरची फडकी मी सोडून पाहते. तुझं सोडलं नाही. मी तुला विचारलं काय, तर "वसुधाचं पुढे काय झालं?"

पाचव्या दिवशी तुझं पत्र आलं: सासूनं वसुधाचा हात धरला आणि नवऱ्यानं गंज कलता केला.

खरं लिहिते, कारण आता खोटं बोलायला जागा उरलेली नाही. त्या दिवशी मला काहीतरी कळलं होतं.  पण ओसरीवर बाया जमल्या होत्या, मी वाचलं, सगळ्या रडल्या, आणि माझं वाचन चांगलं झालं म्हणून मला बरं वाटलं. पुढे मी तुला उत्तर काय पाठवलं, ते तुझ्याकडे असेलच. "वसुधाने सहन करावं. शेवटी सासू किल्ल्या देतेच. आणि ती मोठी बहीण बिनकामाची आहे, तिला मालिकेतून काढून टाकायला हवं." हे मी लिहिलं. याच हातानं.

आणखी एक. हे तुला माहीत नाही. बाबांनी तुझं लग्न माझ्यावर सोपवलं होतं. तीन स्थळं होती. मूल गावचा तो मास्तर होता, शांत, पण घरी रेडिओ. सावलीला आपण गेलो तेव्हा बायनाबाईंनी ते लाकडी शटर दोन्ही हातांनी सरकवलं आणि आतला रंगीत पडदा उजळला. मी तिथेच हो म्हटलं. पोरगा काय बोलतो, कसा बघतो, मी पाहिलंच नाही. मी टीव्ही पाहत होते. मनात होतं, रोशनीला सुख लागेल, आणि सुट्टीत मलाही येऊन बसता येईल. तुला ज्या शटरमागे कोंडलं, ते मीच पसंत केलं होतं.

माझ्यावरचा राग मी पुढे जन्मभर करीन. आधी त्यांचा. भीमजयंतीला हाच प्रफुल माइक धरून बायकांच्या हक्कांवर भाषण ठोकतो ना? मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या आहेत. बाबासाहेबांचा फोटो ज्या भिंतीवर आहे, त्याच भिंतीपलीकडे बाईमाणसाला कोंडताना यांना लाज कशी वाटली नाही? आणि बायनाबाई, स्वतः पांढरी साडी नेसून वंदनेत पुढे! 

जूनमध्ये तू हसण्यावारी लिहिलं होतंस, "हे आपली पाकिटं फोडून पाहतात, पण वसुधा दिसली की जांभई देतात नि तसंच चिकटवतात." मीही हसले होते. आता कळलं तू वसुधाच्या पदराआड का लपलीस. कुलूप लागल्यावर हिला मालिका कुठून कळते, हेही प्रफुलला विचारावंसं वाटलं नाही. बायकांचं पुराण, कोण वाचतो!

तुझं शेवटचं पत्र मी पाच वेळा वाचलं. "शुक्रवारी, अठ्ठावीसला, घरचे सगळे धान चुरायला शेतातल्या बांधीवर जातील. वसुधा एकटी असेल. विहीर परसातच आहे." हे वाचून मी त्या दिवशी काय म्हणाले माहीत आहे? भाग रंगत चाललाय, म्हणाले.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. स्वतः आणून तुझ्या हातात देईन, मग तू मला हवं ते बोल. टाकणार आहे ते दुसरं.

ताई

पहाड
शनिवार, दि. २२ नोव्हेंबर १९९७

चि. रोशनीस जयभीम,

बायनाबाईंना व प्रफुलभाऊंना माझा जयभीम सांगावा. इकडे सर्व ठीक. अगं, चंद्रपूरला 'देवडीतला दिवा' पाहिलं बाई एकदाचं! वसुधाची साडी काय सुंदर, अबोली रंगाची, काठ हिरवा. कानात झुबे. सासूच्या अंबाड्यात दोन गजरे. मध्ये जाहिराती पुष्कळ लागल्या. एक नव्या खोबरेल तेलाची, त्यात तीन पोरी एकीमागे एक बसून केस विंचरतात. एक बिस्किटाची, त्यातला पोरगा हत्तीला बिस्कीट देतो. एक डासांच्या वडीची. साबणाची ती चिखलातली पोरगी आता येत नाही. पंख्याचीही बंद झाली. मला फार वाईट वाटलं.

आता गोष्ट. वसुधा विहिरीवर जात नाही. तिने त्या बाजूला फिरकूसुद्धा नये, पाणी शेजारून मागून घ्यावं, असं दाखवलं आहे. ती आपला दहावीचा दाखला आणि दोन लुगडी पिशवीत भरून ठेवते. सासरचे बांधीवर जातात. मग तिची मोठी बहीण येते. ती एकटी येत नाही, निशातसारखी एक धडधाकट मैत्रीण सोबत आणते. दाराला बाहेरून कुलूप असतं. पण बहीण आता पत्र लिहीत बसत नाही. अंगणातला पाट्याचा वरवंटा उचलते. तिथून दोघी बहिणी आधी दवाखान्यात जातात, हात दाखवायला, आणि मग पोलीस ठाण्यात. शेवटी कुणी कुणाला किल्ल्या देत नाही. मला हा शेवट त्या जुन्यापेक्षा जास्त आवडला.

एक लक्षात ठेव, मालिकेची वेळ बदलली आहे. आता मंगळवारी लागत नाही. शुक्रवारी, सकाळी साडेदहाला. चुकवू नकोस.

तुझी,
वसुधाची बहीण